वऱ्हाडचा कापूस आणि प्रेमचंद रायचंद

खामगाव - अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि खामगाव परिसरातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला. लोहमार्ग अद्याप पुरता झाला नव्हता. माल बैलगाड्यांनी जात होता. त्याचे मोल मात्र मुंबईत ठरत होते आणि त्या मुंबईवर प्रेमचंद रायचंद या तरुण दलालाची सत्ता चालत होती.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेच्या जैन कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण झाल्याने इंग्रजी लिहू-बोलू शकणारे ते पहिले देशी शेअर दलाल मानले जातात. युद्धकाळात कापसाच्या व्यापारातून मुंबईत कोट्यवधींचा पैसा आला. तो गुंतवायचा कोठे? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. यातील बहुतेक उलाढालींमागे प्रेमचंद होते. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचे वजन एवढे की, पुरेशा तारणाविना कर्जे दिली गेली. सरकारचे भांडवल असलेल्या बँकेत हे घडावे, याचे आजही नवल वाटते.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. कापसाचे भाव गडगडले. १ जुलै रोजी वायद्यांची पूर्तता करण्याची वेळ आली तेव्हा कोणाकडेच पैसा नव्हता. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. १८६६ मध्ये प्रेमचंद यांचेही दिवाळे निघाले. बँक ऑफ बॉम्बे जवळजवळ सारे भांडवल गमावून १८६८ मध्ये मोडीत निघाली. चौकशी आयोग बसला. भाववाढीच्या भरवशावर कापसाचा पेरा वाढविणाऱ्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याची चौकशी करण्यास मात्र कोणी बसले नाही.

भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. तो मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यास त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव आहे. जलंबहून खामगावला रेल्वे आली ती १८७० मध्ये. तोवर तेजी ओसरून पाच वर्षे झाली होती.

प्रेमचंद पुन्हा दलालीत उतरले. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअर दलालांची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.