लेओनार्ड ऑयलर व फर्माची सहावी संख्या

लेओनार्ड ऑयलर याचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंडांतील बाझेल शहरीं झाला. वडील धर्मोपदेशक होते व मुलानेंही तोच मार्ग पत्करावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नूली या विख्यात गणितज्ञानें मुलाची असामान्य बुद्धि ओळखून पित्याचें मन वळविलें. १७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेंत दाखल झाला.

तेथें असतां १७२९ सालीं गोल्डबाख या स्नेह्यानें पत्रानें त्याला एक प्रश्न विचारला. विद्यार्थिमित्रांनो, तो आपणही पाटीवर मांडून पाहावा. दोहोंत एक मिळविला कीं ३ होतात. दोहोंचा वर्ग ४. त्यांत एक मिळविला कीं ५. चोहोंचा वर्ग १६; त्यांत एक मिळविला कीं १७. याच रीतीनें पुढें २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळसंख्या होत. म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंही त्यांस निःशेष भाग जात नाहीं. ही मालिका कितीही लांबविली तरी असेंच घडेल, असें फर्मा या थोर फ्रेंच गणितज्ञाचें १६४० पासून मत होतें. तें खरें काय, हाच तो प्रश्न.

६५,५३६ च्या वर्गांत एक मिळविला असतां ४,२९,४९,६७,२९७ ही सहावी संख्या येते. तिला ६४१ नें निःशेष भाग जाऊन भागाकार ६७,००,४१७ येतो, हें ऑयलरनें १७३२ सालीं दाखवून दिलें. या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक ६४ च्या एखाद्या पटीहून एकानेंच अधिक असला पाहिजे, हेंही त्यानें पुढें सिद्ध केलें. अशा मूळसंख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. म्हणजे अवघ्या पांच भागाकारांत फर्माचें मत ढांसळतें! या मालिकेंत सहावी मूळसंख्या आजवर कोणासही सांपडलेली नाहीं.

१७३८ च्या सुमारास ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षें बर्लिन येथें काढून तो पीटर्सबर्गला परतला, तों थोड्याच काळांत दुसराही डोळा गेला. १७७१ सालीं घर आगींत जळालें. तथापि त्याचें कार्य खंडित झालें नाहीं. तो तोंडानें सांगे व मुलगे आणि शिष्य लिहून घेत. अशा स्थितींत १७७२ सालीं त्यानें २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या असल्याचें कळविलें. दोन हा अंक एकतीस वेळां मांडून गुणाकार करावा व त्यांतून एक वजा करावा, म्हणजे ती येते.

१८ सप्टेंबर १७८३ रोजीं त्याचा देहांत झाला. मोठ्यांचा मान अवश्य राखावा; परंतु त्यांचें मतही ताडून पाहावें, आणि संकटांतही अंगीकृत कार्य सोडूं नये, हा धडा त्याच्या चरित्रापासून आपणांस मिळतो.