उषवदाताचं अक्षय दान

आपल्या ओझरहून मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक ओलांडलं, की त्रिरश्मीचा डोंगर लागतो. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथं काडीचाही संबंध नाही. ती भिक्खुसंघासाठी कोरलेली लेणी आहेत. त्यातल्या १० नंबरच्या लेण्यात आम्ही पुष्कळदा गेलो, वंदना घेतली नि खाली उतरलो. भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांत काय लिहिलंय ते पुढं पुस्तकांतून वाचलं, तेव्हा उषवदात हा माणूस आम्हाला खरा कळला.

उषवदात म्हणजे ऋषभदत्त. दिनीकाचा मुलगा, शक कुळातला, आणि क्षत्रप नहपानाचा जावई. बायकोचं नाव दक्षमित्रा. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला; नेमक्या सालाबद्दल विद्वानांत वाद आहे. मालयांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांना सोडवायला तो फौज घेऊन गेला, तिथून पुष्करला जाऊन ३,००० गाई नि एक गाव दान केलं. ३ लाख गाई आणि देवाब्राह्मणांना १६ गावं दिली, हेही त्याच्या लेखात आहे. ते आम्ही लपवत नाही. भडोच, दशपूर, गोवर्धन, सोपारा इथं त्यानं वाटसरूंसाठी निवारे बांधले. तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. कार्ल्याच्या भिक्खूंना करजिक गाव दिलं.

पण आम्हाला मोठं वाटतं ते त्रिरश्मीवरचं दान. सन ४२ च्या वैशाखात त्यानं हे लेणं चारी दिशांच्या संघाला अर्पण केलं, आणि सोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव दिली. ती ठेवली कुठं? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीत २,००० महिना शेकडा १ व्याजानं, दुसरीत १,००० शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. आम्ही हिशेब करून पाहिला. २,००० चं वर्षाचं व्याज २४० होतं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोब्बर २४०! पैचा फरक नाही. दुसऱ्या ठेवीचे ९० भिक्खूंच्या बाकीच्या गरजांना.

आम्ही साचेखात्यात जन्म घालवलेली माणसं. वाणी आम्हाला उधारी देताना दहादा विचार करायचा. आणि इथं राजाचा जावई संघाची ठेव मागावर बसणाऱ्यांच्या हाती देतो! हे वाचून आमचा ऊर भरून आला.

दुसरी गोष्ट, हा व्यवहार झाकून नव्हता. निगमसभेत सर्वांना ऐकवला, फलकावर नोंदवला. भिक्खूंच्या जेवणासाठी शेत हवं होतं, तर सत्तेच्या जोरावर हिसकावलं नाही. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतलं. दक्षमित्रेनं स्वतःच्या नावानं एक खोली दान केली.

पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचं राज्य मोडलं. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाची १३,००० वर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. त्यानं उषवदाताच्या ताब्यातलं पश्चिम काखडीचं २०० निवर्तन शेत भिक्खूंना दिलं. सहा वर्षांनी त्यालाच दुसरा लेख कोरावा लागला : काखडीचं शेत पडीक आहे, गाव ओस पडलंय, म्हणून नगराच्या सीमेवरची १०० निवर्तन राजजमीन द्यावी. म्हणजे दान देऊन भागत नाही, ते कसणारं माणूसही लागतं.

आता आपलं बघा. वर्धापनदिनाला लोक पोटाला चिमटा घेऊन वर्गणी देतात. कितीतरी ठिकाणी ती मंडप, स्पीकर, जेवणावळीत उडते, आणि वर्षावासात भंतेजींना चीवर द्यायला नि गळकं छप्पर शाकारायला पुन्हा पावतीपुस्तक काढावं लागतं. आमची विनंती एवढीच : वर्गणीतला थोडा हिस्सा कायम ठेवीत टाकावा, मुद्दलाला कुणी हात लावू नये, आणि हिशेब दर वर्षी विहाराच्या फळ्यावर लिहावा. मजुराचे दहा रुपयेसुद्धा त्यात अक्षय होतील.

उषवदाताचं राज्य गेलं. २० भिक्खूंच्या चीवराचा हिशेब मात्र डोंगरावर अजून वाचता येतो.

नमो बुद्धाय! जयभीम!