लायडनच्या ग्रंथालयाची जन्मकथा



दरवर्षी ३ ऑक्टोबरला लायडनमध्ये हेरिंग, पांढरा पाव आणि हुत्स्पॉट खाऊन वेढ्यातून सुटका झाल्याचा सण साजरा होतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. पण याच सुटकेतून इथले विद्यापीठ आणि त्याचे प्रसिद्ध ग्रंथालय जन्मले. म्हणून या वेळी आम्ही ओळख करून देत आहोत ऑरेंजच्या विल्यमची.

विल्यमचा जन्म २४ एप्रिल १५३३ रोजी जर्मनीतील डिलेनबर्ग येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्याला ऑरेंजचे संस्थान वारशाने मिळाले. ब्रसेल्सच्या दरबारात तो वाढला. १५५९ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्याला हॉलंडचा सुभेदार नेमले. पुढे धार्मिक छळ आणि जुलमी कारभार यांमुळे विल्यम त्याच राजाच्या फौजांविरुद्ध उभा राहिला.

१५७४ मध्ये स्पॅनिश फौजेने लायडनला वेढा घातला. भूक आणि रोगराईने हजारो माणसे गेली. अखेर बांध फोडून शेते पाण्याखाली घातली गेली आणि होड्यांतून मदत आली. युद्ध संपले नव्हते, तरी त्याच वर्षी २८ डिसेंबरला विल्यमने लायडनमध्ये विद्यापीठ काढण्याचा प्रस्ताव पाठवला. करमाफी की विद्यापीठ असे विचारल्यावर लायडनकरांनी विद्यापीठ मागितले, अशी एक दंतकथाही आहे.

अडचण कायद्याची होती. राजाच्या सनदेशिवाय पदवीला मान नव्हता, आणि राजा तर फिलिपच! मग ६ जानेवारी १५७५ ची सनद चक्क फिलिपच्याच नावाने काढली गेली. आपले भांडण राजाशी नाही, त्याच्या वाईट कारभाऱ्यांशी आहे, अशी बंडखोरांची भूमिका होती. महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभार बादशहाच्या नावाने चालवला, त्याची इथे आठवण होते.

८ फेब्रुवारीला विद्यापीठ सुरू झाले. ग्रंथालयाला पहिले पुस्तक विल्यमनेच दिले. ते होते अँटवर्पच्या प्लांटिनने छापलेले आठ खंडांचे बहुभाषिक बायबल. गंमत म्हणजे या छपाईला आश्रय फिलिपचाच होता!

पुढे १५८० मध्ये फिलिपने विल्यमच्या डोक्यावर इनाम लावले. १५८१ मध्ये डच प्रांतांनी फिलिपचे राजेपद उघडपणे नाकारले. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्ट येथे विल्यमची गोळी घालून हत्या झाली.

ग्रंथालय वाचकांसाठी उघडले १५८७ मध्ये. ते पाहायला विल्यम राहिला नाही. १५९५ मध्ये तिथल्या पुस्तकांची छापील यादीही निघाली. आज भारतविद्येचा केर्न इन्स्टिट्यूटचा संग्रह याच ग्रंथालयात आहे, म्हणजे आपल्या देशाची पुस्तकेही इथे नांदत आहेत.

मंडळी, ज्या गावात काही महिन्यांपूर्वी खायला पाव नव्हता, त्या गावाने युद्ध चालू असतानाच पुस्तकांची सोय केली. यंदा ३ ऑक्टोबरला मुलांना हुत्स्पॉट वाढताना ही गोष्टही जरूर सांगा.