ऊ थांट : ध्यान करणारे महासचिव

धम्म आणि जागतिक राजकारण असा विषय निघाला की आम्हाला ऊ थांट आठवतात. १९०९ साली ब्रह्मदेशातील पांटानाव गावी जन्म, पेशा शाळामास्तरचा. १९६१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख झाले, आशियातील पहिलेच. रोज सकाळी ध्यान करूनच ते कामाला लागत.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्ध पेटण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांना एकाच दिवशी सारखाच संदेश पाठवून थांबण्याची विनंती केली. उपेक्खा म्हणजे अलिप्त बसणे, असे आपल्यातही काही जण समजतात. ऊ थांट अलिप्त बसले नाहीत. व्हिएतनाम युद्धाला विरोध करून त्यांनी अमेरिकेची नाराजीही ओढवून घेतली.

नोव्हेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. पार्थिव रंगूनला आले, पण हुकूमशहा ने विन यांच्या सरकारने शासकीय इतमाम नाकारला. तेव्हा विद्यार्थ्यांनीच शवपेटी विद्यापीठात नेली. भिक्खूही त्यांच्यासोबत होते. लष्कराने १९६२ मध्ये सुरुंग लावून उडवलेल्या विद्यार्थी संघाच्या इमारतीच्या जागेवर त्यांनी ऊ थांट यांना पुरले. ११ डिसेंबरला सैन्य आत घुसले आणि पार्थिव उकरून घेऊन गेले. शहर पेटले, गोळीबार झाला, लष्करी कायदा लागला. आज त्यांची समाधी श्वेडगॉन पॅगोडाजवळ आहे.