खोली नाकारली, वसतिगृह उभारले

नाशिककडचे पोरगे शिकायला औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघाले की घरचे मराठवाड्यातल्या उन्हाची काळजी करतात. बाबासाहेबांना दुसरी काळजी पुरती ठाऊक होती: राहायचे कुठे? न्यूयॉर्क, लंडनला शिकून १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या सरायेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना घेरले, संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. (घरमालक आजही आडनाव विचारतातच.)

पुढे १९३० साली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. पाच वर्षे झुंजूनही दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

देशाचे कायदेमंत्री असताना, १९५० साली, त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याला पुढे नाव मिळाले मिलिंद, म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. परिसर झाला नागसेनवन. तिथे झाडे लावण्याचा बाबासाहेबांचा आग्रह होता. आणि आवारातच वसतिगृह होते. तिथे जागा मिळालेल्या खेड्यातल्या पोराला खोलीसाठी दारोदार जात सांगत हिंडावे लागले नाही.