सोयाबीनच्या पिशवीपासून जेलीफिशपर्यंत : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

मित्रांनो, मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. केजीपासून कॉन्व्हेंटला होतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर सांभाळून घ्या.

आमच्या विंगमध्ये माझ्या टँकबद्दल सगळ्यांना माहीत आहे. तो रूमवर नाही (रेक्टर सर, काळजी नसावी), घरी शिरूर अनंतपाळला आहे. दोन फुटी काचेची टाकी. मासा एकही नाही, फक्त लाल चेरी झिंगे आणि पाण्यातली झाडं. झिंगा म्हणजे नखाएवढा जीव, दिवसभर पानांवरचं शेवाळ खरवडत फिरतो. सेकंड इयरच्या सुट्टीत मी मित्राकडून पुण्याहून वीस झिंगे मागवले आणि आदल्या दिवशी भरलेल्या टाकीत लगेच सोडून दिले. चार दिवसांत पाणी गढूळ झालं. मी घाबरलो. सगळं पाणी उपसलं आणि नळाला नुकतंच आलेलं पाणी तसंच भरलं. पाणी काचेसारखं दिसत होतं. सकाळी सतरा झिंगे तळाला आडवे! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो झिंग्यांच्या कल्ल्यांना मारक असतो, हे मला नंतर कळलं. केमिस्ट्रीत डिस्टिंक्शन असून.

त्याच आठवड्यात घरी पेरणीची गडबड होती. ओसरीवर सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या पडल्या होत्या, त्यावर एमएसीएस ११८८ असं लिहिलेलं. काकांना विचारलं तर त्यांना वाटत होतं कंपनीचं नाव असावं. झिंगे मेल्यामुळे मला काही कामधंदा नव्हता, म्हणून शोधलं. ती अक्षरं पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची निघाली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. मी म्हटलं, अरे, हे तर शाळेच्या पुस्तकातले 'सुधारक'वाले! पण ते गोपाळ गणेश आगरकर, १८९५ मध्येच वारले. त्यात संस्था आहे आगरकर रोडवर, म्हणजे घोळ पक्का. हे आघारकर वेगळे, 'घ'वाले.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत भटकायचं, झाडं आणि पाण्यातले जीव गोळा करायचे, हा त्यांचा उद्योग. अशाच भटकंतीत १९११ च्या सुमाराला त्यांना सातारा भागातल्या नदीच्या पाण्यात जेलीफिश दिसले. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी अशीच आपली समजूत. हे मात्र गोड्या पाण्यात, नाण्याएवढे, पारदर्शक छत्रीसारखे. या जातकुळीचे जेलीफिश तोपर्यंत फक्त आफ्रिकेत, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अॅनान्डेल यांनी या प्राण्याचं वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं.

दुसऱ्या कुणी इथेच थांबून चहा पाजला असता. आघारकर थांबले नाहीत, आणि मला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. म्युझियमचे ग्रेव्हली आणि ते, दोघांनी मिळून या प्राण्याच्या सवयी नोंदवल्या आणि १९१२ मध्ये त्यावर लेख लिहिला. हे जेलीफिश दिसतात ते उन्हाळ्यात, नदीची धार तुटून डोह उरतात तेव्हा. पाऊस लागला आणि पूर आला की गायब. आज आपल्याला माहीत आहे की गोड्या पाण्यातल्या जेलीफिशची एक अवस्था दगडाला चिकटून राहते आणि ती इतकी बारीक असते की साध्या डोळ्यांना दिसणंही मुश्कील. म्हणजे ज्या पाण्यात काहीच नाही असं वाटतं त्यातही ते असू शकतात. त्या डोहांवर गावातले लोक पिढ्यानपिढ्या गुरं पाजत असणार. बघितलं या माणसाने.

या कामामुळे नाव झालं आणि सर आशुतोष मुखर्जींच्या कलकत्ता विद्यापीठात त्यांना वनस्पतिशास्त्राचं घोष प्राध्यापकपद मिळालं. पुढच्या अभ्यासासाठी १९१४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिशांची प्रजा म्हणजे जर्मनीच्या दृष्टीने शत्रू, त्यामुळे त्यांना अडकवून ठेवण्यात आलं. भौतिकशास्त्राचे देवेंद्रमोहन बोसही तेव्हा असेच बर्लिनमध्ये अडकले होते. आपण एक सेमिस्टर बॅकला राहिलो तर घरी तोंड दाखवत नाही. इथे तिशीतली पाच-सहा वर्षं गेली. पण आघारकरांनी तिथेच बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय कुठला, तर वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो! पाण्यातल्या प्राण्यावर नाव झालेला माणूस बिनपाण्याच्या झाडांवर डॉक्टर झाला. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा विषय लांबचा वाटणार नाही.

परत आल्यावर १९४६ पर्यंत ते कलकत्त्यात होते. त्या काळाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यात मुख्यतः शिकवणं आणि विभाग उभा करणं आहे. खरी कसरत नंतरची. साठी उलटल्यावर ते पुण्यात आले आणि १९४६ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. सुरुवातीला ना स्वतःची इमारत, ना पुरेसा पैसा. कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी पत्नीचं मंगळसूत्र गहाण टाकायची वेळ आली होती, असं सांगतात. २ सप्टेंबर १९६० ला ते गेले, आणि आपलं जवळ होतं नव्हतं ते संस्थेला देऊन गेले. पुढे तिथून सोयाबीनची, गव्हाची वाणं आली. त्यातलंच एक आमच्या ओसरीवर पडलेलं होतं.

हे सगळं वाचल्यावर मी टाकी परत मांडली, पण यावेळी जरा बघून. नळाचं पाणी उघड्या टबात दोन दिवस ठेवलं. घरणी धरणाच्या काठावरून व्हॅलिस्नेरियाची लांब पात्यांची रोपं आणली, धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवली. मग पाच आठवडे टाकीत झिंगा सोडलाच नाही. आई रोज विचारायची की नुसतं पाणी काय बघत बसलास. या काळात दगडांवर, वाळूत ते जिवाणू वाढतात जे घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि झाडं ते खातात. आमच्या बोअरचं जड पाणी भांड्यांवर पांढरे डाग पाडतं, पण चेरी झिंग्यांना कवचासाठी कॅल्शियम लागतो, त्यांना ते मानवलं. आता पाणी बदलतो ते आठवड्याला फार तर एक बादली. तांबं असलेलं माशांचं औषध तर घरातसुद्धा आणत नाही, झिंग्यांना ते विषच. एप्रिलमध्ये पाणी तापतं तेव्हा वरचं झाकण काढून टेबलफॅन लावतो. झाडं रात्री स्वतःच ऑक्सिजन घेतात, म्हणून हवेचा पंपही रात्री चालू. लाइट गेली की मात्र देवावर हवाला.

उरलेल्या तीन झिंग्यांना (ते इतके दिवस बरणीत होते) पाच आठवड्यांनी सोडलं. त्यात एक मादी असावी. परवा आईचा फोन आला, पात्यांच्या बुडाशी पिल्लं दिसतायत म्हणे, मोजता येत नाहीत.

येत्या मे महिन्यात साताऱ्याच्या रूममेटकडे जायचं ठरलंय. कोयनेच्या बाजूला डोह बघत दोन दिवस फिरायचं. जेलीफिश दिसतीलच असं नाही, आता तिथे धरण आहे आणि पाणी पूर्वीसारखं वाहत नाही. कोणाला यायचं असेल तर सबमिशन संपायच्या आत नाव सांगा, जीपमध्ये दोन सीट शिल्लक आहेत.