वाळूला छिन्नी बनविणारा सेनानी

विशेष प्रतिनिधी

नांदेड किंवा लातूरच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला, की दवाखान्याच्या काचेवर उमटलेली दुधाळ अक्षरे, देवघराच्या दारातील काचेवरचा गणपती आणि सभागृहाच्या भिंतीवरील देणगीदारांच्या नावांच्या शिळा नजरेस पडतात. अशा कामात छिन्नी-हातोडीची जागा आता अनेक ठिकाणी यंत्राने घेतली आहे. काचेवर किंवा दगडावर स्टिकर चिकटवायचे, त्यातील अक्षरे कापून काढायची आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कठीण कणांचा मारा करायचा. उघडी जागा झिजते, झाकलेली शाबूत राहते. सँडब्लास्टिंग या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जगाला देणारा माणूस ना पाथरवट होता, ना काचकाम करणारा. बेंजामिन च्यू टिलमन हे त्याचे नाव.

टिलमन यांचा जन्म 26 ऑक्टोबर 1821 रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. मात्र वकिलीत त्यांचे मन रमले नाही. धाकटे बंधू रिचर्ड हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सोबतीने बेंजामिनही प्रयोगशाळेकडे वळले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, 1861 मध्ये, अमेरिकेत यादवी युद्धाचा भडका उडाला आणि हा संशोधक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. मे 1863 मधील चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईत ते जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या तिसऱ्या पायदळ पलटणीचे नेतृत्व स्वीकारले. ज्या काळात अशा पलटणींवर जाणे अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांना कमीपणाचे वाटे, त्या काळातील हा निर्णय होता. युद्धाच्या अखेरीस त्यांना ब्रिगेडिअर जनरलचा मानद हुद्दा मिळाला.

युद्ध संपताच ते पुन्हा प्रयोगांकडे वळले. गंधकयुक्त आम्लाच्या द्रावणात लाकूड शिजवून कागदाचा लगदा तयार करण्याची प्रक्रिया त्यांनी शोधली आणि 1867 मध्ये तिचे पेटंट घेतले. तथापि, आम्ल आणि दाब सहन करील असे भांडे काही त्यांना साधले नाही. पुढे 1874 मध्ये स्वीडनमधील एकमन यांनी हीच वाट यशस्वी करून दाखविली आणि कागद उद्योगाचे चित्र पालटले. टिलमन यांच्या वाट्याला केवळ पहिला मान आला.

वाळूच्या बाबतीत मात्र यशाने त्यांना हुलकावणी दिली नाही. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूमुळे खिडक्यांच्या काचा धुरकट झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. 18 ऑक्टोबर 1870 रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले. वाफेच्या किंवा हवेच्या झोताने वाळू फेकून कठीण पृष्ठभाग कापणे, खरवडणे आणि त्यावर नक्षी उमटविणे, असे त्याचे स्वरूप होते. वाळूहून कठीण असलेल्या कुरुंदालाही या झोताने भोक पडते, हे प्रयोगातून दिसून आले. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, काचेवर साधी लेस ठेवली तरी तिच्याखालची काच सुरक्षित राहत असे. कठीण पदार्थ कणाच्या आघाताने तडकतो. लवचीक पदार्थ तो आघात पचवितो. आज काचेवर चिकटविल्या जाणाऱ्या रबर किंवा प्लास्टिकच्या स्टिकरमागेही हेच तत्त्व आहे.

कोरीवकामाच्या धंद्याने ही पद्धत झपाट्याने उचलली. व्हर्मांट राज्यातील रटलंड परिसरात संगमरवरावर लोखंडी अक्षरे ठेवून भोवतालचा दगड वाळूने झिजविला जाई आणि नाव उठून दिसे. यादवी युद्धातील सैनिकांच्या स्मृतिशिळा अशा तऱ्हेने घडल्या. ज्या युद्धात टिलमन लढले, त्यातील मृतांची नावे त्यांच्याच शोधाने दगडावर कोरली जावीत, हा विलक्षण योग म्हणावा लागेल. पुढे त्यांच्या नावाची कंपनी इंग्लंडमध्ये उभी राहिली. 3 जुलै 1901 रोजी टिलमन यांचे निधन झाले.

या शोधाची दुसरी बाजू त्यांच्या पश्चात ठळक झाली. वाळूचा कण आदळून फुटतो, तेव्हा सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ हवेत मिसळते. ती फुप्फुसात खोलवर जाऊन व्रण निर्माण करते. हाच सिलिकोसिस. त्यावर आजही रोग मुळापासून घालविणारे औषध नाही. ब्रिटनने 1949 च्या नियमांद्वारे अशा कामात वाळू वापरण्यास बंदी केली. जीन्सच्या कापडावर वाळू मारणारे तरुण कामगार दगावल्यानंतर तुर्कस्तानने 2009 मध्ये कापडउद्योगातील ही पद्धत बंद केली. भारतातही 1948 च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिसची गणना सूचित करावयाच्या रोगांत केली होती. तथापि, दोन-तीन माणसांचे छोटे दुकान सहसा अशा कायद्याच्या कक्षेत येत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न दगडाशीही निगडित आहे. लातूरचा काळा पाषाण हा बेसाल्ट. त्यात मुक्त सिलिका जवळजवळ नसते. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोली, मुखेड भागात मात्र ग्रॅनाइट सापडतो आणि त्यात तिचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे वाळूऐवजी गार्नेट किंवा ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे कण वापरले, तरी ग्रॅनाइटवर काम करताना धोका टळत नाही. बंदिस्त पेटी, धूळ ओढून घेणारा पंखा आणि योग्य मास्क या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही सूक्ष्म धूळ रोखू शकत नाही.

लेससारख्या नाजूक वस्तूला धक्का न लावणारा टिलमन यांचा झोत माणसाच्या फुप्फुसाला मात्र तशी सवलत देत नाही. नामफलकावर इतरांची नावे कोरणाऱ्या कारागिराचे आयुष्य त्या धुळीत झिजू नये, एवढी काळजी दुकानमालकाने आणि काम देणाऱ्या ग्राहकानेही घ्यायला हवी.